पाळकाला गावाचं काम कसं शिकवतात

विदर्भातल्या तीनशे उंबऱ्यांच्या गावात ख्रिस्ती घरं असलीच तर सात-आठ, फार तर पंधरा. रविवारी उपासनेला तेवढीच माणसं जमतात, आणि वेचणीच्या दिवसांत त्यातलीही निम्मी वावरात असतात. पाळकाकडे, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती धर्मगुरूकडे, अशी तीन-चार गावं, एक मोटरसायकल आणि मंडळीच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाच्या, दानावर कसाबसा निघणारा पगार. अशा माणसाला गावविकासाचं नेतृत्व करायला शिकवतात असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. हे धर्मांतराचं नवं निमित्त असेल, नाहीतर कुठून तरी परदेशी पैसा येणार असेल.

दोन्ही शंका अगदीच हवेतल्या नाहीत, त्यांच्याकडे पुढे येऊच. आधी मूळ गोष्ट. ज्याचं आयुष्य बोलण्यात गेलं त्या माणसाला विचारायला आणि गप्प बसायला शिकवायचं, हा या प्रशिक्षणाचा गाभा. नकाशे, तक्ते, समित्या, हिशेबाच्या वह्या हे सगळं त्यानंतरचं. आणि हेच सगळ्यात जड जातं. वीस वर्षं उपदेश केलेला पाळक बायांच्या घोळक्यात सतरंजीवर बसून 'तुम्हीच सांगा' म्हणतो खरा, पण पाचव्या मिनिटाला सांगायला लागलेला असतो तोच.

ही सवय आली कुठून, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले १८४५ मध्ये. पुढच्या काळात वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, मेळघाटाच्या बाजूला कुरकू मिशन, असे वेगवेगळे प्रॉटेस्टंट गट कामाला लागले. शाळा निघाल्या, वसतिगृहं निघाली. नागपूरचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल, यवतमाळ जिल्ह्यात उमरीचा दवाखाना, अचलपूरजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय ही नावं आजही त्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. या कामाचं मोल कमी नाही. ज्या काळात कुष्ठरोग्याला घरची माणसंही जवळ करत नव्हती, त्या काळात कुणीतरी त्यांच्या जखमा धुवत होतं.

पण या सगळ्याची रचना एका साच्यातली होती. कंपाउंड, त्यात बंगला, विहीर, दवाखाना, शाळा. विकास कंपाउंडाच्या आत आणि गाव फाटकाबाहेर. काय करायचं ते साहेब ठरवणार, पैसा साहेब आणणार, गावानं यायचं, घ्यायचं आणि आभार मानायचे. (हिस्लॉप स्वतः या साच्यात फारसे बसत नाहीत. गोंडांच्या कथा टिपून घेत, दगड आणि जीवाश्म गोळा करत ते हिंडायचे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून ते गेले.) मिशनरी मायदेशी गेल्यावर इमारती जुन्या झाल्या, काही बंद पडल्या, पण सवय तशीच राहिली. मंडळीतले म्हातारे 'मिशनच्या टायमाले असं नव्हतं' म्हणून उसासे टाकतात, आणि गाव पाळकाकडे पाहतं ते काहीतरी आणून देणारा माणूस म्हणून.

पाळकाचं शिक्षणही या अपेक्षेला तोंड देण्यासाठी झालेलं नसतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशातली नावाजलेली प्रॉटेस्टंट शिक्षणसंस्था १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म नागपूरचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या तिथे एकत्र आल्या. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. म्हणजे विदर्भाला चर्चच्या मोठ्या संस्थांची कमी कधी नव्हती. तरी ईश्वरज्ञान, मंडळीचा इतिहास, प्रवचनशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या तरुण पाळकाला ग्रामसभा कधी भरते, तिचा कोरम किती, पाणलोट म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला गाव मिळतं ते कोरडवाहू कापसाचं, सोयाबीनचं, कर्जाचं.

आता पैशाचं. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, दुरुस्ती झाली. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवी, एका संस्थेनं ती दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायची नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेकडे झिरपत येणारी धार इथे आटली. कुणाला हा जाच वाटतो, कुणाला शिस्त. खेड्यातल्या मंडळीपुरता त्याचा अर्थ एकच. बाहेरचा पैसा गृहीत धरून शिकवलेली विकासाची रीत आता चालत नाही, गावात जे आहे त्यावर उभी राहणारीच रीत शिकवावी लागते.

ही रीत चर्चमध्ये काही आकाशातून पडलेली नाही. लोकांनीच आपल्या गावाचा नकाशा काढायचा, आपल्या अडचणींचा क्रम लावायचा, या पद्धती ग्रामीण सहभागी मूल्यांकन या नावानं सरकारी खाती आणि सामाजिक संस्था गेली तीसेक वर्षं वापरतात. आफ्रिकेतल्या मंडळ्यांनी त्यात बायबल अभ्यासाची जोड दिली आणि तिथून ती भारतातही आली. आपल्याकडे फाळणीतल्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये सुरू झालेली कासा, १९६७ ची एफिकॉर अशा चर्चच्या संस्था मदतकार्य करता करता लोकांच्या संघटनाकडे आणि प्रशिक्षणाकडे वळल्या.

प्रशिक्षणाची सुरुवात बायबलपासून होते. बाहेरच्या माणसाला हे खटकेल, पण कारण सरळ आहे. पाळकाच्या हातात सरकारी मार्गदर्शिका दिली तर तो ते फावल्या वेळचं काम समजतो. तेच त्याच्या ओळखीच्या ग्रंथातून आलं तर ते त्याचं स्वतःचं काम होतं. म्हणून नहेम्याची गोष्ट घेतात. यरुशलेमचा तट पडलेला आहे, राजाची परवानगी घेऊन नहेम्या तिथे येतो, आणि आल्या आल्या भाषण करत नाही. तीन दिवस थांबतो, रात्री थोडी माणसं घेऊन पडलेला तट पाहून येतो, मगच लोकांना बोलावतो. पुढे प्रत्येकजण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतो. पाळकांनी ही गोष्ट शंभर वेळा सांगितलेली असते, पण 'नहेम्यानं पहिले तीन दिवस काय केलं' हा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला विचारलेला नसतो. तसंच पाच भाकरी आणि दोन माशांचं. पाच हजार माणसं भुकेली आहेत आणि येशू आधी शिष्यांना विचारतो, तुमच्याजवळ भाकरी किती आहेत ते जाऊन बघा. कर्जानं गांजलेली विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते, तेव्हा त्याचाही प्रश्न तोच असतो, घरात काय आहे? चमत्कारावर प्रवचन करायची सवय असलेल्या माणसाला चमत्काराच्या आधीच्या प्रश्नावर थांबवायचं, ही या अभ्यासामागची युक्ती.

माझं मत विचाराल तर विदर्भातल्या पाळकाला यासाठी इतक्या लांब जायचीही गरज नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात सतत समोरच्यांना प्रश्न. उत्तरं लोकांच्याच तोंडून काढून घ्यायची. शिबिरात हा दाखला दिला की माणसं एकदम सैल होतात, कारण आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलं असतं.

जमिनीवरचा नकाशा

बायबलच्या अभ्यासानंतर पाळकाला गावात पाठवतात. काम एकच, गावाकडून गावाचा नकाशा काढून घ्यायचा. शाळेचं पटांगण किंवा समाजमंदिरासमोरची जागा, रांगोळी, विटांचे तुकडे, पळसाची पानं. चर्चमध्ये बसायचं नाही. चर्चमध्ये बसलं की अर्धं गाव येतच नाही.

नकाशा काढायला पुरुष लागले तर तो रस्ता, पाटलाचा वाडा, ग्रामपंचायत, बस थांबा यांच्यापासून सुरू होतो. बाया लागल्या तर हँडपंपापासून. कोणता पंप मार्चमध्ये आटतो, कोणत्या घरी संडास आहे पण त्यात कडबा ठेवलाय, कोणत्या वस्तीचं पाणी कोणत्या नालीत जातं, हे पुरुषांच्या नकाशात नसतं. पांदण रस्ता मात्र दोन्ही नकाशांत असतो. पावसाळ्यात वावरात जायची वाट चिखलानं बंद होते, बैलगाडी रुतते, निघालेलं सोयाबीन घरी आणता येत नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावात 'काय अडचण आहे' असं विचारा, पहिल्या पाचांत पांदण येतेच.

नकाशाहून जास्त बोलका असतो हंगामाचा तक्ता. जमिनीवर बारा चौकोन आखायचे, एकेका महिन्याचा एकेक. कामाचा जोर, हातातला पैसा, आजारपण, कर्ज, यांच्यासाठी एकेक रांग. कमीजास्त दाखवायला तुरीचे दाणे. पैशाचे दाणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडतात, आजारपणाचे ऑगस्ट-सप्टेंबरात, कर्जाचे जूनमध्ये. अशा एका बैठकीत पुरुषांनी कर्जाची रांग भरली आणि ते मागे सरकले. एका मावशीनं मे महिन्याच्या घरात मूठभर दाणे टाकले.

"मावशी, मे मधी कोन कर्ज घेते?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कर्ज नाही जी. पोत गहान जाते. ते तुमच्या कर्जात धरतच नाही कोनी."

बियाण्याला पैसा कमी पडतो तेव्हा आधी बायकोच्या गळ्यातलं जातं, कर्ज मागून येतं. पुरुषांच्या हिशेबात ते कर्ज नव्हतंच. पाळकानं काहीही न शिकवता ही गोष्ट वर आली. त्या दिवशीचं त्याचं काम एवढंच होतं की दाणे मावशींच्या हाताला लागतील असे मध्ये ठेवायचे.

तिसरं साधन म्हणजे चपाती आकृती. कागदाची लहानमोठी वर्तुळं कापायची. गावाच्या लेखी ज्याचं महत्त्व जास्त त्याचं वर्तुळ मोठं, जो जवळचा तो मधोमध, लांबचा तो कडेला. सरपंच, ग्रामसेवक, कृषी केंद्र, सावकार, बचत गट, आशाताई, अंगणवाडी, बँक, देवस्थान. कृषी केंद्राचं वर्तुळ बहुधा मोठं आणि मधोमध येतं, बँकेचं मोठं पण दूर. मग कुणीतरी चर्चसाठी एक वर्तुळ उचलतं. पाळक समोर बसलेला, म्हणून लोक आधी संकोचतात, आणि मग रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ कडेला ठेवतात. काही पाळकांना हे लागतं. शिबिरात परत आल्यावर यावर जी चर्चा होते, ती मला वाटतं पूर्ण प्रशिक्षणातली सर्वांत प्रामाणिक चर्चा असते.

'का' विचारत जाणं

अडचणींचा क्रम लागला की एकेका अडचणीच्या मुळाशी जायचं. यासाठी विदर्भातलंच उदाहरण घेऊ.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. अशा वेळी पाळक काय करतो? मयताच्या घरी जातो, प्रार्थना करतो, चार पैसे गोळा करून देतो. ते त्यानं करायलाच हवं. प्रशिक्षणात त्याला पुढे ढकलतात. माणूस बेशुद्ध का पडला? औषध अंगावर आणि नाकातोंडात गेलं. का गेलं? पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि तो तिच्यात शिरून नोझल वर धरून फवारत होता. तोंडाला काय होतं? दुपट्टा. मास्क का नव्हता? कुणी दिला नाही, आणि दिला तरी ऑक्टोबरच्या उन्हात तो लावून पंप पाठीवर घेववत नाही. औषध कोणतं? दोन-तीन एकत्र केलेली. एकत्र करायला कुणी सांगितलं? कृषी केंद्रवाल्यानं. सल्ला त्याचाच का घेतला? कृषी सहायकाकडे बरीच गावं, तो भेटत नाही. शिवाय औषध उधारीवर देतो तोच. उधारी का लागते? पीककर्ज थकलंय, बँक दारात उभी करत नाही. आणि फवारणारा बहुधा मालक नसतोच, मजूर असतो. त्याला पैसे पंपामागे मिळतात, म्हणून तो सकाळी न खाता निघतो आणि उन्हं चढली तरी थांबत नाही.

इतकं झाल्यावर पाळकाला विचारतात, यातली कुठली कडी गावाच्या हातात आहे? पीककर्ज नाही, कापसाचा भाव नाही. पण बऱ्याच गोष्टी आहेत. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग वाचता येणं हातात आहे. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शिक्षण नसलं तरी रंग कळतो. वारा वाहतो त्या दिशेनं फवारायचं, उपाशीपोटी जायचं नाही, मनानं औषधं मिसळायची नाहीत, घरी येऊन आधी साबणानं अंघोळ, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही. कुणाला गरगरलं, घाम सुटला, डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर अंगावरचे कपडे काढून साबणपाण्यानं धुवायचं आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत न्यायचा, कारण विष कोणतं त्यावर डॉक्टरचा उपचार ठरतो. रात्री गाडी कुणाची मिळेल ते आधीच ठरलेलं असावं. दिवसाला किती पंप मारायचे याची मर्यादा सगळ्या मजुरांनी मिळून घातली तर मालकालाही ऐकावं लागतं. ग्रामपंचायतीकडे सुरक्षा किटची लेखी मागणी करता येते.

यात ख्रिस्ती-अख्रिस्ती काही येत नाही, हे सांगावंही लागत नाही. विष पंथ विचारत नाही. पाळकाला इथे एकच फायदा असतो. तो कृषी केंद्रवाला नाही, पुढारी नाही, मालकही नाही, आणि चारही वस्त्यांत त्याचं जाणं-येणं असतं, निदान असावं.

ग्रामसभा

पुढचं शिकायचं ते कागदाचं काम. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५-१६ पासून, निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि त्याचा आराखडा 'आमचा गाव, आमचा विकास' या नावानं गावातच व्हायला हवा. जमिनीवर काढलेला नकाशा आणि तुरीच्या दाण्यांचा तक्ता कागदावर उतरवून त्या आराखड्यात घुसवायचा, हे पाळकाला आणि सर्व वस्त्यांतल्या माणसांच्या समितीला शिकावं लागतं. अर्ज कसा लिहायचा, आवक क्रमांक टाकून पोच कशी घ्यायची, ठराव नोंदवहीत खरंच लिहिला का ते पुढच्या वेळी कसं पाहायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि गावातली बहुतेक चांगली कामं इथेच अडलेली असतात.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा सर्वांना माहीत आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गोंड गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे ग्रामसभा एकमतानं चालते आणि त्याआधी अभ्यास मंडळात भरपूर बोलणं होतं. मेंढा-लेखा काही चर्चच्या प्रशिक्षणातून घडलेलं नाही. पण एकमत व्हायला किती वेळ द्यावा लागतो हे ज्या पाळकाला बघायचं असेल त्यानं तिथे जावं.

श्रद्धेचा प्रश्न

आता पहिल्या शंकेकडे. हे सगळं शेवटी धर्मप्रसारासाठीच ना?

पाळकाच्या मनात काय आहे ते कुणालाच तपासता येणार नाही, आणि तो आपली श्रद्धा घरी ठेवून ग्रामसभेला जाईल अशी अपेक्षाही चुकीची. तपासता येतात त्या अटी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस आणि मदत संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली तिच्यात स्पष्ट आहे की मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करायचा नाही. चर्चच्याही अनेक मदत संस्थांनी ती स्वीकारली आहे. गावपातळीवर तिचा अर्थ असा. कुणाला काय मिळणार याची यादी सर्व वस्त्यांच्या समितीनं करायची, पाळकानं नाही. बैठक समाजमंदिरात किंवा शाळेत. समितीचा अध्यक्ष पाळक नाही. पैशाचं खातं मंडळीच्या खात्यापासून वेगळं, हिशेब फळ्यावर. औषध, बियाणं, पाणी, कशालाच प्रार्थनेची अट नाही. रविवारी आपल्या मंडळीत त्यानं खुशाल उपदेश करावा.

हे पाळणं अवघड जातं ते बाहेरच्यांच्या संशयामुळे कमी आणि मंडळीतल्या कुरकुरीमुळे जास्त. 'आपला पाळक, आपलं दान, आणि कामं सगळ्या गावाची?' हा प्रश्न एल्डर, म्हणजे चर्चमधले वडीलधारे कारभारी, विचारतातच. त्यात तथ्यही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी बहुतांशी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. विदर्भात याची झळ रोजची आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेलं घर आणि त्याच्या शेजारचं ख्रिस्ती घर, दोघांचे पणजोबा एकाच वस्तीतले, दोघांकडे सारखीच दोन एकर. एकाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आहे, दुसऱ्याला ती नाही. गावाच्या विकासाबद्दल बोलणाऱ्या पाळकाला हे माहीत नसेल तर त्याच्याच मंडळीतली माणसं त्याच्याकडे पाठ फिरवतात.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते तीन दिवसांच्या शिबिरात. हजेरी, जेवण, प्रवासखर्च, बॅनरसमोर ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. महिन्याभरानं पाळकाच्या कपाटात फाईल आणि गाव जिथल्या तिथे.

याच्या उलट काय चालतं ते आपल्याच राज्यात जामखेडला दिसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्यानं १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघं डॉक्टर, पण लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्नाची होती, म्हणून आधी त्याकडे वळले. गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या बाया गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या एकदा शिकून गेल्या असं झालं नाही. पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, नवं शिकायच्या, परत जायच्या. शिकणं आणि काम एकात एक विणलेलं होतं. म्हणून पाळकांचं चांगलं प्रशिक्षणही दीड-दोन वर्षं चालतं. दोन-तीन दिवस शिबिर, मग काही आठवडे गावात, मग पुन्हा शिबिर, आणि मधल्या काळात प्रशिक्षक मोटरसायकलवरून गावात येऊन बाजूला बसून पाहतो.

दुसरी अडचण बदलीची. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असो की मेथडिस्ट, पाळक काही वर्षांनी हलतो. तो शिकला, गाव उभं राहायला लागलं, आणि बदलीचं पत्र आलं. यावर उपाय म्हणजे एकट्या पाळकाला शिबिराला बोलवायचंच नाही. त्याच्या जोडीला त्याच मंडळीतली एक बाई हवी. पूर्वीच्या मिशनच्या काळात बायबल वुमन म्हणून काम करणाऱ्या बाया घराघरांत जायच्या, कुठल्या घरी बाळंतीण आहे, कुठल्या घरी दारू आहे ते त्यांना ठाऊक असायचं. त्यांचा पगार कमी आणि मान त्याहून कमी. आज ती जागा महिला मंडळातल्या, बचत गट चालवणाऱ्या बायांनी घेतली आहे. त्या गावातच राहतात, त्यांची बदली होत नाही. पाळकबाईही, म्हणजे पाळकाच्या पत्नीही, बरंच करतात, पण त्या पाळकाबरोबर जातात. शिबिराच्या यादीत 'पाळक व सौ.' एवढंच लिहिलेलं दिसलं की ओळखावं, या गावात दोन वर्षांनी काही उरणार नाही.

तिसरी अडचण पाळक यशस्वी झाला तर येते. चार कामं झाली की लोक त्याच्याकडेच यायला लागतात, सरपंचाच्या कपाळावर आठी पडते, निवडणुकीत कुणीतरी त्याला आपल्या गाडीत बसवतं. यावर एकच इलाज मला खात्रीचा वाटतो. अर्जावर सही त्याची नसावी. सही समितीची, अर्ज घेऊन जाणारी माणसं समितीची, आणि अधिकाऱ्यासमोर बोलणारीही तीच. पाळक मागच्या खुर्चीवर.

शेवटी वेळापत्रकाचं, कारण मुंबई-पुण्याहून येणारे आयोजक इथे हमखास चुकतात. मृग ते जुलै पेरणी आणि डवरणी, तेव्हा बैठकीला कुणी येत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, मग नाताळ. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून ईस्टरपर्यंत पाळक मंडळीत अडकलेला, एप्रिल-मे लग्नाचा आणि पाण्याच्या रांगेचा. मोकळे पट्टे दोनच, जानेवारीचा शेवट ते उपवासकाळाची सुरुवात, आणि पोळ्याच्या आसपासचे दोन-तीन आठवडे. पहिलं शिबिर जानेवारीच्या शेवटी घेतलं, फेब्रुवारीत नकाशा झाला आणि पोळ्याला तक्ता व अडचणींचा क्रम लागला, तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायला एक लेखी मागणी समितीच्या हातात असते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यावर चर्चा तेव्हाच सुरू होते.